वजा पाणी

आमच्या कॉलेजच्या रसायनशाळेत रसायनशास्त्र सोडून बाकी सगळं शिकवलं जाई. जर्नलला खाकी कव्हर कसं घालायचं, तांबड्या शाईचा समास किती बोटं सोडायचा, ‘आकृती’ हा शब्द पानाच्या नेमक्या मध्यावर कसा आणायचा, सर आत आले की स्टूल आवाज न करता मागं कसं सरकवायचं, या सगळ्याचं शिक्षण आम्हांला यथासांग मिळालं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही बारा जण होतो, दहा पोट्टे आणि दोन पोरी, आणि बाराही जणांची जर्नलं अशी देखणी की लग्नात आहेर म्हणून द्यावीत. आत काय लिहिलंय ते मात्र कुणी विचारू नये. पुढं मी स्वतः अमरावतीला जन्मभर हाच विषय शिकवला, जर्नलांच्या थप्प्यांवर सह्या केल्या, आणि फार सुंदर जर्नल हातात आलं की आजही माझ्या मनात पहिली शंका हीच येते, की हे पोरगं लबाड असणार. माझी नात म्हणते, आजी, तू सगळ्यांना नावं ठेवतेस. ठेवते. नावं ठेवण्याजोगीच माणसं भेटली, त्याला मी काय करू?

आमचं गाव पूर्णेकाठचं, खारपाण पट्ट्यातलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अकोल्याहून उत्तरेला निघालं की जमीन काळी, कसदार, कापूस कमरेएवढा. पण विहीर जितकी खोल खोदाल तितकं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं तर कधी कधी फाटतं. माझी आई भाकरीच्या पिठात मीठ घालत नसे, ते काम पाणीच करून टाकी. आम्ही पोरं त्याच पाण्यावर वाढलो आणि आम्हांला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वावगं वाटे ते पाहुण्यांना. पहिला घोट घेतल्यावर त्यांचं तोंड कसं होतं ते पाहायला आम्ही दारात उभे राहत असू. बाबा गावातल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, उरलेले दिवस बाबाच डॉक्टर. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार, त्यामुळं सकाळी जाग येई ती खलबत्त्याच्या आवाजानं, आणि जेवताना जवसाच्या चटणीच्या वासात कार्बोलिकचा वास मिसळलेला असे. आमच्या घरात पाणी दोन प्रकारचं. एक आमचं, विहिरीचं. दुसरं औषधाचं. टिनाच्या छपराला पन्हळ लावून बाबा पावसाचं पाणी तीन रांजणांत धरून ठेवत, वर फडकं बांधत, आणि वर्षभर ते फक्त मिक्श्चरं करायला वापरत. त्या पाण्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला एकमेव धर्म होता. एकदा मी चोरून ते प्यायले आणि थुंकले, इतकं फिक्कं लागलं. बाबांनी त्या दिवशी मला मारलं. प्यायल्याबद्दल नाही, थुंकल्याबद्दल.

डोळ्यांत घालायची चांदीची दवा बाबा स्वतः तयार करत. झाली की बाटली उजेडाकडं धरून पाहत, आणि जराशी धुरकट दिसली की अख्खी ओतून देत. कोणीतरी बाटली विहिरीच्या पाण्यानं धुतली, असं म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. बाबांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण चांदीच्या दवेला मिठाचा कणही चालत नाही, लागलीच ती पांढरट होते, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. त्यासाठी त्यांना तांबड्या शाईचा समास आखावा लागला नव्हता.

अकोल्याला मी मावशीकडं राहत होते. मावशीचं घर जिनिंगच्या भिंतीला लागून, त्यामुळं भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, आणि हंगामात डाळीतसुद्धा कापसाची तूस सापडायची. मावशीच्या हाताला चव होती. तिच्या अंबाडीच्या भाजीसाठी आणि पातोडीच्या रश्श्यासाठी मी आजही कुठलीही पदवी परत करायला तयार आहे. पण माझ्या शिक्षणावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पोरगी दिवसभर काचेची भांडी घासते आणि घरची घासायची वेळ आली की पुस्तक उघडते, असं ती शेजारणींना सांगे. प्रयोगशाळेत आम्ही एक गॅस वापरत असू, त्याला सडक्या अंड्याचा वास. तो कपड्यांत भिनून येई आणि मावशीची खात्री होती की मी कॉलेजात अंडी खाते. आंघोळ केल्याशिवाय मला चुलीपाशी येऊ देत नसे. मी कितीदा समजावलं. शेवटी तिनं मला एकदा म्हटलं, खाय बाई, पण ताजी तरी खाय.

मावशीकडं नळाचं पाणी होतं आणि मला ते अजिबात आवडत नसे, पाण्यासारखं लागतच नसे ते. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीची एक दुपार मला लख्ख आठवते. प्रयोगशाळेत घसा कोरडा पडला होता, माठ लांब व्हरांड्यात होता, म्हणून मी बाकावरची डिस्टिल्ड वॉटरची काचेची बाटली उचलली आणि वरून धार तोंडात धरली. आणि काय सांगू, मन निवलं. अकोल्यात आल्यापासून पहिल्यांदा पाण्याला पाण्याची चव लागली. मी आणखी थोडं प्यायले. घरी जाताना निम्म्या वाटेत माझे पाय थांबले. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे उकळून, वाफ करून, ती वाफ थंड करून घेतलेलं पाणी. ते बाबांच्या रांजणासारखं फिक्कं लागायला हवं. ते आमच्या विहिरीसारखं का लागलं?

दुसऱ्या दिवशी मी किसनला धरलं. किसन हा प्रयोगशाळेतला शिपाई, भला माणूस, खोटं बोलायचा त्याला कंटाळा. पाणी गाळायची मोठी भट्टी फुटून कैक वर्षं झाली होती, नवी मागवल्याचे कागद कुठंतरी फिरत होते. जुन्या लहान भट्टीतून रडतखडत जे शेरभर निघे ते चांदीच्या द्रावणाला पुरे, कारण ते द्रावण तरी स्वच्छ दिसायला हवं. बाकी मोठा बुधला किसन कॉलेजच्या मागच्या विहिरीतून भरत असे. मी म्हटलं, अहो, ती विहीर खारी आहे. तो म्हणाला, “हाव, खारीच हाय. मी काय डोयातून काढू का पानी?”

आता इथं आमच्या नवाथे सरांना आणलं पाहिजे. नवाथे सर पुण्याहून आलेले, रसायनशास्त्राचे प्रमुख, बोलणं इतकं शुद्ध की ऐकताना आपण आंघोळ केलेली नाही असं वाटावं. ‘मले’, ‘तुले’ कानावर पडलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे आणि आम्हांला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावत. मला वाटलं, सरांना पाण्याचं ठाऊक नसणार. मी अगदी भाबडेपणानं सांगायला गेले. सरांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी त्याची सोयही करून ठेवली होती, आणि त्या सोयीचं नाव होतं ‘वजा पाणी’.

हे नीट सांगायला हवं. मिठाचं प्रमाण काढायचा प्रयोग असा: ब्युरेट म्हणजे खुणा आखलेली उभी काचेची नळी, तिला खाली तोटी. तिच्यात चांदीचं द्रावण भरायचं आणि खालच्या, पिवळा रंग घातलेल्या मिठाच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. पांढरं दही जमत जातं, आणि मीठ संपलं की एकाच थेंबात पिवळ्याचं विटकरी होतं. तिथं थांबायचं. किती द्रावण लागलं त्यावरून मीठ किती ते कळतं. पण पाणीच खारं असेल तर त्या पाण्यातलं मीठही मोजलं जातं. म्हणून सरांनी कधीकाळी, नोकरीला लागले त्या वर्षी, एकदा त्या पाण्याचं मीठ मोजलं होतं. त्याला चांदीचं द्रावण लागलं एक पूर्णांक दोन मिलिलिटर. झालं. त्या दिवसापासून प्रत्येक जर्नलात प्रत्येक वाचनाखाली एक ओळ येऊ लागली: वजा पाणी, एक पूर्णांक दोन. पोरं बदलली, विहीर आटली, भरली, आकडा मात्र कायम. मंगळसूत्रासारखा. पावसाळ्यात विहीर वर येते तेव्हा पाणी कमी खारं, उन्हाळ्यात तळाला जातं तेव्हा तोंड वाकडं होईल इतकं खारं, हे आमच्या गावातली शेंबडी पोरंही सांगतील. मी गुपचूप मोजून पाहिलं. दिवाळीआधी एकला दोन थेंब कमी, माघात दोनच्या वर. सरांना दाखवलं. प्रत्येक वेळी नुसत्या पाण्याचं वाचन घ्यावं आणि तेच वजा करावं, पुस्तकातही त्याला ‘ब्लँक’ म्हटलंय, असं मी सांगितलं. सर हसले. म्हणाले, बाई, आपण क्षाराची परीक्षा घेतो, पाण्याची नव्हे. सगळा वर्ग हसला आणि त्या दिवसापासून पोट्ट्यांनी माझं नाव पाणपोई ठेवलं. बाबांना सुट्टीत हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की न मोजता वजा करणाऱ्याच्या हातचं औषध मी माझ्या बैलालाही देणार नाही.

पोट्ट्यांना माझ्या आकड्यांची काय पडली होती? त्यांची रीतच वेगळी. द्रावण किसन बनवत असे, त्याच्याकडून आधी उत्तर काढायचं, उत्तरावरून वाचन तयार करायचं, त्यात एक पूर्णांक दोन मिळवून जर्नलात लिहायचं आणि मग लगेच वजा करून दाखवायचं. प्रयोग शेवटी, वेळ उरला तर. सर त्यावर ‘उत्तम’ लिहीत. मी माझं खरं वाचन लिहिलं की ‘काळजी घ्यावी’ लिहीत. मी घेत होते ना काळजी, तीच तर अडचण होती.

वर्गात खरा प्रयोग करणारी माझ्याशिवाय एकच होती, झुबेदा. वर्गातली दुसरी पोरगी, माझ्या बाकावरची जोडीदारीण. अचलपूरच्या रंगाऱ्याची लेक, अकोल्याला मामांकडं राहून शिकत होती. बापाच्या कापड रंगवायच्या हौदांशेजारी वाढलेली, त्यामुळं रंग बदलण्याच्या क्षणाला तिचा डोळा असा काही बसलेला की मी तसा डोळा पुन्हा कुणाचा पाहिला नाही. तीन वेळा प्रयोग केला तर तिन्ही वाचनं थेंबाला थेंब तीच. माझा हात घाईचा, मी एखादा थेंब पुढं जायची. ती म्हणायची, रंग येण्याच्या आधी पाणी श्वास धरते, तवा थांबायचं. ती माझ्या जेवणाच्या डब्यातली जवसाची चटणी पळवायची आणि मी तिच्या डब्यातले गुलगुले. तिचं सगळं वर्षअखेरच्या परीक्षेवर टांगलेलं होतं आणि ते आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. पोरीला एवढं शिकवल्याबद्दल अब्बांना जमातीत बोल लागत होते. अब्बांनी शब्द दिला होता, की एका खेपेत पास झाली तर अचलपूरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा तिच्यासाठी आहे, शाळेनं जूनपर्यंत धरून ठेवली आहे, ती खुशाल नोकरी करेल. नापास झाली तर दुसरी खेप नाही, घरी यायचं. बस.

हिवाळ्यात अब्बा आजारी पडले, झुबेदा महिनाभर अचलपूरला राहिली आणि तिची हजेरी कमी भरली. ती नवाथे सरांनी पुरी केली. सर एवढं करतात तेव्हा ते विसरू देत नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी एक अर्ज लिहिला: प्रत्येक प्रयोगात पाण्याचं वाचन वेगळं घ्यावं, अशी आम्हां विद्यार्थ्यांची विनंती. खाली बारा सह्यांची जागा. दहा पोट्ट्यांनी तो हातोहात फिरवला आणि एकानं त्यावर माठाचं चित्र काढून परत दिला. मला त्याचं काही वाटलं नाही, भैताडांकडून मी अपेक्षाच ठेवली नव्हती. मी झुबेदापुढं कागद ठेवला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, “माही हजेरी त्यांच्या हातात हाय, सुमन. मले पास होऊ दे, मंग दहा सह्या करीन.”

आज मला कळतं, यापेक्षा शहाणं कुणी काय बोललं असतं? त्या दिवशी मला कळलं नाही. माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणाले, शेवटी रंगाऱ्याचीच पोरगी, ज्या हौदात बुडवतील त्याचा रंग घेशील. सगळ्या वर्गादेखत म्हणाले. पोट्टे हसले, आणि त्यांचं हसणं त्या दिवशी मला गोड लागलं हे लिहिताना आता लाज वाटते. झुबेदा ब्युरेट धुऊ लागली. मी माझं स्टूल उचलून दुसऱ्या बाकावर नेलं आणि परीक्षेपर्यंत, दीड महिना, तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ती दोनदा बोलायला आली. मी ब्युरेटकडं पाहत राहिले.

प्रात्यक्षिक परीक्षेचं केंद्र आमच्याकडं नव्हतं. आम्हांला अमरावतीच्या एका कॉलेजात जावं लागलं. नवाथे सर आम्हांला घेऊन गेले, बडनेऱ्यापर्यंत आगगाडीत त्यांनी आम्हांला शुद्ध बोलण्यावर व्याख्यान दिलं आणि केंद्राच्या दारातून परत फिरले, कारण आत परीक्षक बाहेरचे. आमच्या पोट्ट्यांनी काय केलं, तर आधीच्या तुकडीतल्या अमरावतीच्या पोरांना व्हरांड्यात गाठलं आणि त्यांची उत्तरं मिळवली. द्रावण तेच असणार हे त्यांना बरोबर ठाऊक. म्हणजे बारातले दहा जण आत पाऊल टाकायच्या आधीच पास झालेले होते. झुबेदा भिंतीपाशी उभी राहून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही असं दाखवलं.

आत गेल्यावर मी पहिली गोष्ट केली ती पाण्याची. बाटलीतलं थोडं तळहातावर घेऊन जिभेला लावलं. फिक्कं. बाबांच्या रांजणातलं. मग त्या नुसत्या पाण्यात पिवळा रंग घालून चांदीच्या द्रावणाचा एक थेंब सोडला आणि त्या एका थेंबातच ते विटकरी झालं. म्हणजे पाण्यात मीठ नाहीच. वजा काही करायचंच नव्हतं. अमरावतीकरांची भट्टी धड होती आणि माझं वर्षभराचं म्हणणं शब्दाशब्दाला खरं ठरलं होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आता आमच्या कॉलेजची मेंढरं इथंही माना खाली घालून एक पूर्णांक दोन वजा करतील, आणि मी एकटी करणार नाही. माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. पोट्ट्यांकडं तयार उत्तरं होती, त्यांना हे लागूच नव्हतं, हेही मला त्या वेळी सुचलं नाही.

झुबेदा माझ्या समोरच्या बाकावर. तिनं पहिलं वाचन घेतलं, मग ब्युरेट धुतली. धुतलेलं पाणी चंचुपात्रात पडलं आणि ती त्याकडं बघत राहिली. आमच्या अकोल्यात ब्युरेट धुतली की उरलेल्या चांदीनं ते पाणी धुरकट व्हायचं, रोजचंच होतं ते. इथलं स्वच्छ राहिलं. तिनं चंचुपात्र उजेडाकडं धरलं, अगदी माझे बाबा धरत तसं. मला दिसलं की तिला शंका आली आहे. तिनं आणखी दोन वाचनं घेतली आणि तिच्या वाट्याचं चांदीचं द्रावण संपलं, पाणी मोजायला उरलं नाही. परीक्षक लांबच्या टोकाला गेले तेव्हा ती पुढं वाकली, आणि दीड महिन्यानंतर पहिल्यांदा माझं नाव घेतलं.

“सुमन, पानी किती धरू?”

एक शब्द पुरला असता. ‘शून्य’ म्हणायला किती वेळ लागतो? बोट हलवलं असतं तरी तिला कळलं असतं. पण माझ्या डोक्यात तो घडी घातलेला अर्ज होता. मी म्हणाले, “सरांचा आकडा आहे ना तुझ्याकडं? तोच घाल.”

मी ते कुत्सितपणानं म्हणाले. माझ्या आवाजात जेवढं विष मावेल तेवढं घालून म्हणाले. झुबेदानं मान हलवली, चेहरा मोकळा झाला तिचा, आणि तिनं लिहायला सुरुवात केली. बाहेर आल्यावर ती सरळ माझ्याकडं आली. पिशवीतून फडक्यात बांधलेले गुलगुले काढले, अम्मीनं परीक्षेसाठी पाठवलेले, आणि माझ्या हातात ठेवले. नुसती हसली. मला वाटलं, भांडण मिटवायला आली आहे, हरली म्हणून. मी ते घेतले आणि बडनेऱ्याच्या फलाटावर उभी राहून खाल्ले. सगळे खाल्ले.

निकाल लागला. दहाच्या दहा पोट्टे पास. मी पास, प्रात्यक्षिकात पहिली. नापास एकटी झुबेदा. नवाथे सरांनी पुढं कधीतरी केंद्रावर चौकशी केली होती, ते मला सहज बोलता बोलता म्हणाले की त्या मुलीचं उत्तर खऱ्या उत्तरापासून बरोबर एक पूर्णांक दोननं चुकलं होतं, ना एक थेंब कमी ना जास्त, तिन्ही वाचनांत. अख्ख्या केंद्रात तिच्याइतका अचूक हात कुणाचा नव्हता. सर हे सांगताना हळहळले, आणि मग म्हणाले, असतं एकेकाचं नशीब. पुढच्या वर्षापासून त्यांनी पाण्याचं वाचन वेगळं घ्यायला सुरुवात केली आणि त्याला ‘आमची पद्धत’ म्हणू लागले. मी सरांचा आयुष्यभर तिरस्कार केला. पण निकालाच्या दिवशी मला किळस आली ती सरांची नाही. माझी मलाच आली. मी झुबेदाला पत्र लिहायला घेतलं, दोन ओळी लिहिल्या, फाडलं. पुन्हा घेतलं नाही. माझी नोकरी, लग्न, पोरं, सगळं झालं आणि तिच्या गावाहून येणारी एसटी अमरावतीच्या स्टँडवर दिसली की मी तोंड फिरवायला शिकले.

वीसेक वर्षांनी परतवाड्याला परीक्षक म्हणून जाणं झालं. काम लवकर आटोपलं आणि माझे पाय मला शेजारच्याच अचलपूरला घेऊन गेले. रंगाऱ्यांची गल्ली विचारावी लागली नाही, नालीतून निळं पाणी वाहत होतं. झुबेदा कोपरापर्यंत निळे हात घेऊन बाहेर आली. मी ओळखायच्या आधी तिनं मला ओळखलं. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि हौद आता तीच सांभाळत होती. मुलींच्या शाळेतली जागा त्याच जूनमध्ये दुसऱ्या कुणाला गेली. दुसरी खेप अब्बांनी दिली नाही. “अब्बानं जबान पाळली,” ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात, असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं मला एक कापड दाखवलं, हिरवं, आणि तो हिरवा नेमका कुठल्या क्षणी धरला ते समजावून सांगितलं. मग चहा केला. कप माझ्यापुढं ठेवून ती समोर बसली.

“एक विचारू का, सुमन?” ती म्हणाली. “तठचं, अमरावतीचं, पानी गोड होतं, असं मले नंतर कोणी तरी सांगतलं. मले तवाच शक आला होता, ब्युरेट धुतली तं धूर नाही निघाला. म्हणून तं तुले विचारलं. तू म्हणली सरांचाच आकडा घाल, मंग मले वाटलं, मोजलं असंल हिनं, तेवढंच भरलं असंल. तुले बी ठाऊक नव्हतं नं?”

मी म्हणाले, “नव्हतं.”

“मले वाटलंच,” झुबेदा म्हणाली. “अब्बाले बी मी हेच सांगतलं. सुमनले ठाऊक असतं, तं तिनं मले सांगतलंच असतं.”